गेशेकडचा चहा

लाडक्या ट्रूडेला ताईचे खूप खूप आशीर्वाद.

मी बरी आहे. घर उबदार आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? मी तुझ्याकडे राहायला यावं म्हणून न्युर्नबर्गला खोली रंगवून घेतलीस, हे वाचून डोळे भरून आले.

तुला ठाऊकच आहे, इथे पूर्व फ्रिसियात सगळे आपापसांत इथली प्लाट बोली बोलतात. माझ्याशी मात्र इतकी वर्षं पाहुणीशी बोलावं तसं शाळेतलं जर्मन बोलायचे. लग्न झाल्यापासून माझ्याशी प्लाट बोलणारा एक माझा नवरा, ओकोच. तो गेला आणि ती भाषाही घरातून उठून गेली. म्हणून संध्याकाळी त्याची प्लाट पुस्तकं मी मोठ्याने वाचत बसते, अडखळत.

मंगळवारी शेजारच्या गेशेने ते खिडकीतून ऐकलं. दार ढकलून आत आली आणि सरळ प्लाटमध्येच म्हणाली, "अगं बाई, भिंतींना काय वाचून दाखवतेस? आमची काय तोंडं शिवलीत? चल माझ्याकडे चहाला."

काय भाषा आहे बघ. रागावली तरी अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटतं. अंधार पडेपर्यंत आम्ही बोलत होतो. मी चुकले की ती हसायची आणि पुन्हा कप भरायची. इथे चहा पुरे झाला की कपात चमचा ठेवायचा, नाहीतर समोरची ओततच राहते.

ट्रूडे, ती खोली तू भाड्याने दे. मी अजून कपात चमचा ठेवलेला नाही.

गुडघ्याला जप.

तुझीच,
हेडविग ताई