मागच्या काचेवरचा स्टिकर

मिनेसोटा, १० ऑक्टोबर

प्रिय बाबा,

थंडी पडलीय, पण तुमचं जॅकेट पुरतंय. जेवतेही नीट.

काल जीवशास्त्राच्या हॅन्सेनबाईंनी आमच्या वर्गातल्या अकराही जणांना ओढ्यात उतरवलं. "नावं नंतर घोका, आधी हात बुडवा," म्हणाल्या. दगडाखाली मला तीन शेपट्यांचा किडा सापडला. याला पंख कधी फुटतात, असं विचारलं तर म्हणाल्या, "तूच शोध. सूक्ष्मदर्शक वर्षभर तुझ्याकडे." आपल्या गोठ्यामागच्या ओढ्यात असले किडे आहेत का? दगड उलटून बघाल?

त्या नावाजलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळूनही का गेली नाहीस, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. इथली फी आपल्याला झेपते, एवढं सांगायला जीभ का अडते, कळत नाही.

आई सांगत होती, प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा एप्रिलमध्ये तुम्ही कौतुकानं लावलेला त्या विद्यापीठाचा स्टिकर आपल्या गाडीच्या मागच्या काचेवर अजून तसाच आहे. पेट्रोल पंपावर कुणी अभिनंदन केलं, की तुम्ही नुसती मान हलवता म्हणे.

सोबत आमच्या कॉलेजचा स्टिकर पाठवतेय. जुना खरवडवत नसेल, तर त्याच्यावरच चिकटवा. मी मापून घेतलाय, पूर्ण झाकतो.

ओल्या मोज्यांतली तुमची लेक,
मार्लीस