ओव्याचा शेक

वसमत, मंगळवार, ९ डिसेंबर

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला आले की मला खोकला असायचाच. ताई तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या गालाला लावून बघायची आणि मगच माझी छाती शेकायची. म्हणायची, "तिथं काय इंग्रजीत खोकतेस का गं?"

तिला जाऊन सहा वर्षं झाली.

आज दुपारी ओवा भाजला, पण धाप लागली म्हणून तवा तसाच ठेवून आडवी झाले. दिवेलागणीला स्वयंपाकाच्या कौसाबाईने दार ठोठावलं तेव्हा जाग आली. छातीवर पुरचुंडी होती. मी तर बांधलीच नव्हती. गरम, पण बेताची. कोणी गालाला लावून पाहिल्यासारखी.

कौसाबाईला विचारलं. "म्या कशी बांधू बाई? कडी तुमीच आतून लावली व्हती. कवाची हाका मारून राहिले."

तापाच्या भरात मीच उठले असेन का? असेन. पण गालाला लावून पाहिलेली ऊब मला ओळखू येत नाही का? तिची भीती नाही वाटली. झोपेतही कौसाबाईच्या हाका ऐकू येत होत्या आणि तरी उठूच नये असं वाटत होतं, त्याची वाटते.

डॉक्टर आठवडाभर सांगताहेत, नांदेडला ॲडमिट व्हा. मीच ओव्यावर भागवत बसले. उद्या सकाळी जाते.

परत आले नाही तर अडुळशाची कुंडी आणि हळदीची बरणी भाची मीनाला द्यावी. तवा कौसाबाईला. ताईचा फोटोही मीनाकडेच. शेजारी माझा लावायची घाई मात्र कोणी करू नये.