प्रभाच्या नावावर शून्य

मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व)
फेब्रुवारी १९९१

प्रिय रंभे,

तुझी लग्नपत्रिका मिळाली. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, त्याला जरा धीर गोळा करायला हवा. तोवर माझं रडगाणं ऐक. तू माझी डबल्सची जोडीदार, माझे चुकलेले फटके सावरायची सवय तुलाच. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, अगं बाई, कॅरमवरून कुणी रडतं का? तर हो, मी रडते. आठवडाभर भाजी चिरतानासुद्धा रडतेय आणि सासूबाईंना कांद्याचं नाव सांगतेय.

कल्याणच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धेचं तुला माहीतच असेल. यंदापासून तिथे सोम्यागोम्याला प्रवेश नाही. जिल्हा संघटनेच्या यादीत निदान साठ मानांकन गुण असतील तरच नाव घेणार. ही बातमी आमच्या ह्यांनीच कंपनीतून आणली. चहा पिता पिता म्हणाले, तुझे तर बहात्तर होते ना, मग खेळ की. रंभे, लग्नाला चार वर्षं झाली, पण ह्या माणसाबद्दल मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आपण जिंकलेल्या चषकांबद्दल, गुणांबद्दल मी एकदाच कधीतरी बोलले असेन, आणि ह्यांनी आकडा लक्षात ठेवला होता. माझे गुण येत्या मार्चपर्यंतच धरतात, नंतर ते बाद. म्हणजे ही शेवटचीच संधी. पुन्हा साठ जमवायचे तर नवोदितांच्या गटापासून सुरुवात, आणि तिथून वर यायला आपल्याला किती वर्षं लागली ते तुला माहीत आहे. कॉलेज बुडवून, घरी खोटं बोलून खेळलो होतो आपण. आता मला कोण सोडणार तेवढी वर्षं?

मग काय, अंगात वारंच शिरलं. खालच्या शकूताईंकडे पलंगाखाली बोर्ड पडून होता, तो काढला. त्यावर त्यांचे पापड वाळायचे, त्यामुळे कोपऱ्यात मीठ बसलेलं. पुसून पुसून हात दुखले. दुपारी सासूबाई लवंडल्या की मी खाली पळायची. पहिले दोन-तीन दिवस बोट नुसतं ठणकायचं, सोंगटी भलतीकडेच. शकूताई म्हणायच्या, तू खरंच चॅम्पियन होतीस की थापा मारतेस? पण मग एका दुपारी हात परत आला, रंभे. राणी घेतली, लगेच कव्हर केली, आणि मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

अर्ज द्यायला ठाण्याला गेले. संघटनेच्या कचेरीत आता एक नवीनच मुलगा बसतो. चष्मा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलायला अगदी गोड. नाव विचारलं तर सवयीने प्रभा साळुंखे म्हणाले, आणि यादीत शेवंती मोहिते बघायला सांगितलं. त्याने यादी काढली. शेवंती दौलत मोहिते, बहात्तर. मला म्हणाला, अच्छा, मग वहिनी, त्यांनाच घेऊन या ना, दुसऱ्याच्या नावाचा अर्ज आम्ही घेत नाही. मला हसूच आलं. म्हटलं, अरे बाबा, मीच ती. तर म्हणे रेशनकार्ड दाखवा. रेशनकार्डावर प्रभा प्रभाकर साळुंखे. शाळेचा दाखला दाखवला, त्यावर शेवंती. मग म्हणाला, ह्या दोघी एकच आहेत असा काही कागद आहे का?

कागद! लग्नाची नोंदणी आमच्यात कोण करतं? लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. शेवंतीच आहे, प्रभा तर लग्नानंतर जन्मली. आणि मी काय बावळट बघ, त्याला सरळ सांगून बसले की ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नाव लिहिलं होतं, सगळ्यांच्या देखत. त्या बिचाऱ्याने पेन परत खिशाला लावलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शिजवले गं. माझ्या नावाचा कागद पाहुण्यांनी वरण घालून खाल्ला.

आठवतं तुला? पाठराखीण म्हणून तूच होतीस माझ्यामागे. ताटात डोकावून माझ्या कानात पुटपुटलीस, अगं, दोनच अक्षरं दिसतायत, एक सोंगटी कुठे गेली? मी पदरात तोंड घालून हसले. सासूबाईंना शेवंती म्हणजे फुलवालीचं नाव वाटत होतं, आणि प्रभाकरची प्रभा कसं शोभून दिसेल असं सगळ्या म्हणत होत्या. मलाही गंमत वाटली होती. नवी साडी, नवं नाव. साडी निदान घडी करून कपाटात ठेवता तरी येते.

कचेरीत आपले सहदेवकाका भेटले. तेच, पंच असताना आपण जास्त पावडर टाकली की ओरडायचे ते. त्यांनी मला पाहताक्षणी ओळखलं. त्या मुलाला म्हणाले, हिला एक ब्रेक मारू दे, मग बघ. तिथल्या बोर्डावर मी बसले. पहिल्याच फटक्यात दोन पांढऱ्या गेल्या, तिसरी मागच्या खिशात. सगळे उठून बघायला आले. तो मुलगाही मनापासून वा म्हणाला. आणि मग म्हणाला, पण वहिनी, प्रभा साळुंखे यांच्या नावावर शून्य आहे, मी काय करू? सहदेवकाका त्याच्यावर चिडले, टेबलावर हात आपटला, मग खाली बघत पान लावायला लागले. नियम नवीन, समिती नवीन. त्यांच्या हातात काही नव्हतं.

वकील म्हणाला प्रतिज्ञापत्र करा, मग नाव राजपत्रात छापून येईल. किती दिवस लागतील, तर पावसाळ्यापर्यंत. तोवर मार्च कधीच संपलेला असेल. हे बिचारे जेवतानासुद्धा मान वर करत नाहीत. अंगठी त्यांच्याच हातात होती ना. मी रागावू तरी कुणावर? माझे बहात्तर गुण त्या यादीत आहेत, आणि मी इथे कणीक मळतेय. मार्च संपला की ती मुलगीही संपली. सुतक नाही, तेरावं नाही, कुणी दोन शब्द बोलणारही नाही. शकूताईंच्या बोर्डावर परत पापड घातलेत. मीच म्हटलं, घाला.

आता तुझी पत्रिका. विठ्ठलवाडीचं स्थळ, मुलगा चांगला, सगळं ऐकलं. आणि आईने हेही सांगितलं की तुझ्या सासूबाईंना रंभा हे नाव भडक वाटतं, त्यांनी दुसरं शोधून ठेवलंय, आणि तू हसून बरं म्हणालीस. रंभे, त्यासाठीच हे पत्र. तुझे पंच्याऐंशी गुण आहेत. लग्नाच्या दिवशी तुझ्यासमोर ताट येईल, तो अंगठी उचलेल, बायका खिदळतील, तुलाही हसू येईल. तेव्हा त्याचा हात धर. भर मांडवात धर, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. त्याला सांग, रंभाच लिहा. मी येईन लग्नाला आणि तुझ्यामागेच उभी राहीन. ह्या वेळी पाठराखीण मी. उत्तर लगेच पाठव, तू काय ठरवलंस ते मला कळायला हवं. आणि पाकिटावर प्रभा साळुंखे असंच घाल गं. नाहीतर पोस्टमन पत्र परत नेईल. शेवंती नावाचं इथे कुणी राहत नाही.

तुझीच,
शेवंती