पंचवीस मिनिटे न थांबल्याचा दाखला

प्रति,
मा. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी,
उप प्रादेशिक परिवहन कार्यालय, भंडारा.

अर्जदार: चंद्रकुमार तुलाराम गभणे, वय ५२, धंदा शेती (धान), रा. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा.

विषय: दि. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी अर्जदाराची मोटार होणाऱ्या व्याह्यांसमोर थांबवता येत नव्हती, असा गोल शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: १) मोटारीच्या धूर-यंत्रणेचा इशारा, संकेतांक पी-२४६३.
२) होणारे व्याही श्री. श्रावण निंबार्ते, रा. दिघोरी, ता. लाखांदूर, यांचे फोनवरील फर्मान, दि. १४ नोव्हेंबर.

महोदय,

१. अर्जदाराकडे डिझेलची एक मोटार आहे. दोन वर्षांपूर्वी ती नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. डॉक्टरांकडे ती रोज मोठ्या रस्त्याने पळत असे, त्यामुळे ठणठणीत होती. करडीत आल्यापासून तिचा प्रवास घर ते शेत, शेत ते राईस मिल आणि मिल ते तलावाची पाळ एवढाच उरला. त्यातही इकडची रीत आपण जाणताच. ओळखीचा माणूस रस्त्याने पायी दिसला आणि गाडीवाला न थांबता गेला, तर घाईत असेल असे कोणी म्हणत नाही. बोलणे तोडले असे समजतात आणि पुढच्या पिढीलाही तसे सांगून ठेवतात. अर्जदार दोन किलोमीटरांत सरासरी सहा वेळा थांबतो. या थांबण्यामुळेच गावात त्याला मान आहे, हे नम्रपणे नमूद करण्यात येते.

२. गेल्या ऑक्टोबरात मोटारीच्या काट्यांजवळ एक पिवळा दिवा लागला. अर्जदाराच्या पत्नी सौ. सुलोचनाबाई यांनी दोन दिवस तो पाहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यावर आपल्या कपाळाची टिकली चिकटवली. त्यानंतर आठ दिवस घरात शांतता होती. मग मोटार चढावर बैलाच्या चालीने चालू लागली, तेव्हा ती तुमसरच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मशीन लावले, पी-२४६३ हा संकेतांक कागदावर लिहून दिला आणि अर्थ सांगितला, तो असा: "काका, सायलेन्सरात एक जाळी हाये. तिच्यात काजळी साचली. गाडी साठच्या वर पंचवीस मिन्टं सलग पळवा, ते आपोआप जळून जाते. मधात थांबले तं पुन्हा पहिल्यापासून."

३. अर्जदाराने धूर कमी व्हावा या शासनाच्या हेतूचा आदर राखून लागोपाठ चार प्रयत्न केले. पहिल्या वेळी सहाव्या मिनिटाला कौशल्याबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन दिसल्या. त्या अर्जदाराच्या आईच्या मैत्रीण. थांबावे लागले. दुसऱ्या वेळी अर्धा रस्ता वाळत घातलेल्या धानाने व्यापला होता, आणि त्यातला काही धान अर्जदाराचाच होता. तिसऱ्या वेळी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी हात दाखवला. ज्यांनी अर्जदाराला बाराखडी शिकवली त्यांना धूळ कशी चारावी? चौथ्या वेळी अर्जदाराने डोके लढवले. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आदल्या दिवशी पुकारले की, उद्या सकाळी दहा ते अकरा गभण्यांची गाडी कोणासाठीही थांबणार नाही, कृपया हात दाखवू नये. दुसऱ्या दिवशी दहाला घरासमोर एकोणीस माणसे पिशव्या घेऊन उभी. त्यांचे म्हणणे एकच: "नॉनस्टॉप जाऊन राहिली म्हन्ते, मंग लवकर पोचन." अर्जदाराने तीन फेऱ्यांत सर्वांना पोचवले. दिवा तसाच.

४. शेवटी दि. १३ नोव्हेंबर, गुरुवारी, कोणालाही न सांगता अर्जदार सरळ मोठ्या रस्त्यावर गेला. सोबत फक्त त्याची आत्या चंद्रभागाबाई. ती अंगणातच मागच्या सीटवर येऊन बसली होती आणि तिला उतर म्हणण्याची घरात कोणाची प्राज्ञा नाही. मोटार साठच्या वर गेली. दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. विसावे सरून एकविसावे लागले तेव्हा, वळसा घेऊन परत येताना, गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर, चहाटपरीसमोर, बसमधून नुकतेच उतरलेले श्रावणजी निंबार्ते आणि त्यांच्या पत्नी कुंताबाई उभे दिसले. ते अर्जदाराची मुलगी रश्मी हिच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरवायला आले होते. एक दिवस आधीच आले होते, पण तो मुद्दा अर्जदार येथे काढत नाही. श्रावणजींनी हात वर केला.

५. अर्जदाराच्या मनात त्या क्षणी काय झाले ते तो प्रामाणिकपणे लिहितो. चार मिनिटे उरली होती. चार मिनिटांत जाळी साफ, लगेच वळून परत, व्याह्यांना मानाने घरी, असा हिशेब त्याने केला. म्हणून त्याने अडुसष्टच्या वेगाने व्याह्यांना नमस्कार केला आणि पुढे गेला. मागून आत्याने "येतो, येतो" अशा अर्थी हात हलवला. मागच्या सीटवर दोघांपुरती जागा होती आणि तिथली एक म्हातारी टाटा करीत गेली, एवढेच व्याह्यांना दिसले.

६. दिवा विझला. अर्जदार ताबडतोब वळला. परंतु जाताना ज्यांच्या शेजारून तो सुसाट गेला होता, ती सर्व माणसे आता रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि काय आक्रीत झाले म्हणून विचारत होती. एवढा मोठा अपराध नुकताच घडलेला असताना आणखी कोणाला टाळून जाण्याची अर्जदाराची हिंमत झाली नाही. तो सात वेळा थांबला. फाट्यावर पोचायला पाऊण तास लागला. व्याही परतीच्या बसने निघून गेले होते. टपरीवाल्याजवळ पेढ्यांचा डबा आणि निरोप ठेवला होता: "सांगजा त्यायले, तुमच्या गाडीले टाइम नाई, तं आमच्या पोराले बी घाई नाई."

७. अर्जदाराने दुसऱ्या दिवशी फोनवर काजळी, जाळी, संकेतांक, सर्व सांगितले. कुंताबाई म्हणाल्या, "काजळी जाळासाठी सोयऱ्यायले रस्त्यावर टाकून जाते का कोनी?" श्रावणजी हे निवृत्त ग्रामसेवक. मिस्त्रींची चिठ्ठी त्यांनी मोबाईलवर पाहिली आणि तिच्यावर जावक क्रमांक नाही हे दाखवून दिले. "गोल शिक्क्याचा कागद आना, मंग पाहू," असे ते म्हणाले. मुलगा चांगला आहे, रश्मीच्या पसंतीचा आहे, आणि असे स्थळ पुन्हा चालून येत नसते.

८. त्या दिवसापासून रश्मी बापाच्या गाडीत बसत नाही. सकाळी कामाला जाताना ती बसथांब्यापर्यंत पायी जाते. अर्जदार मागून जातो, शेजारी गाडी हळू करतो, दार उघडतो. ती पुढे बघून चालत राहते. अख्ख्या करडीत या गाडीला हात न दाखवणारी एकच व्यक्ती आहे आणि ती त्याची स्वतःची लेक आहे. अर्जदाराला हे फार लागले आहे. दाखला मागण्याचे खरे कारण हेच समजावे.

९. दरम्यान गावात गेलेली पत सावरण्यासाठी अर्जदार पूर्वीपेक्षा जास्त थांबू लागला. ज्यांना कुठे जायचे नव्हते त्यांनाही त्याने नेऊन सोडले. परिणामी नवव्या दिवशी पिवळा दिवा पुन्हा लागला. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्याची गत झाली. त्याने तसे व्याह्यांना कळवताच श्रावणजी म्हणाले की, ते स्वतः गाडीत बसून मोजमाप करतील. खरे असेल तर पाहणी अहवाल लिहून देतील.

१०. त्याप्रमाणे रविवार, दि. २३ रोजी श्रावणजी एकटेच आले. पुढच्या सीटवर बसले, मांडीवर वही घेतली आणि दर मिनिटाला वेग लिहू लागले. पहिली दहा मिनिटे त्यांच्या चेहऱ्यावर संशय होता. पंधराव्या मिनिटाला ते पुढे सरकून दिव्याकडे पाहू लागले. विसाव्या मिनिटाला रस्त्यावर म्हशी दिसल्या, तेव्हा अर्जदाराच्या आधी त्यांनीच खिडकीतून डोके काढून त्या हाकलल्या. पुढे तोच फाटा आला. तेथे कुंताबाई उभ्या होत्या. नवऱ्याच्या पाहणीवर त्यांचा भरवसा नसल्याने त्या मागच्या बसने आल्या होत्या. त्यांनी हात वर केला. अर्जदाराचा पाय ब्रेककडे गेला, कारण एकच चूक दोनदा करणारा तो माणूस नाही. तेवढ्यात श्रावणजींनी त्याचा गुडघा दाबून धरला आणि म्हणाले, "चालवा, चालवा, थांबू नका, पाचच मिन्टं रायले."

११. दिवा विझला. श्रावणजींनी वहीत वेळ टिपून खाली सही केली, आणि त्यानंतर कोठे त्यांच्या लक्षात आले. फाट्यावर कोणीही नव्हते. टपरीवाल्याजवळ या वेळी निरोपसुद्धा नव्हता. दिघोरीला घराला आतून कडी होती आणि रविवारची रात्र श्रावणजींनी पडवीत काढली. अर्जदाराविषयी त्यांची आता काहीही तक्रार नाही. साक्षगंधाची तारीख मात्र सर्वस्वी कुंताबाईंच्या हाती गेली आहे.

तरी आपणास कळकळीची विनंती की, सदर दाखला दोन प्रतींत, दोन तारखांचा, वेगवेगळ्या नावांनी देण्यात यावा. त्यात 'थांबवली नाही' असे न लिहिता 'थांबवता येत नव्हती' असे लिहावे, कारण कुंताबाई कागद नीट वाचतात. कार्यालयाच्या नियमांत असा दाखला बसत नसल्यास एखादा अधिकारी समजूत घालण्यासाठी दिघोरीला पाठवावा. त्यांना नेण्या-आणण्यास अर्जदाराची मोटार हजर आहे, मात्र ती वाटेत थांबत थांबत जाईल.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारे, आपले नम्र,

(सही) चंद्रकुमार तुलाराम गभणे, अर्जदार
(सही) श्रावण निंबार्ते, निवृत्त ग्रामसेवक, सहअर्जदार, सध्या मुक्काम करडी

दि. २५ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) मिस्त्रींची चिठ्ठी (जावक क्रमांक नसलेली).
२) पाहणी अहवाल, पाने दोन, दर मिनिटाच्या वेगासह.
३) कु. रश्मी हिचे आधार कार्ड, गरज नसताना जोडले आहे.
४) सौ. कुंताबाई निंबार्ते यांचे ना हरकत पत्र: अद्याप मिळालेले नाही.