बायोडाट्यातला एकुलता होकार

चिंचवड,
६ जुलै २०२५

ती. बुद्धरत्नमामांस,
मैत्रीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

सोबत माझा बायोडाटा जोडते आहे. मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं दिसतं अशी तुमची तक्रार असते, म्हणून टपालाने. तीन ठिकाणी पाठवून झाला, पण कुणी साधं बोलावलंही नाही.

तुम्हाला माहीत आहे, सहा वर्षं मी फायनान्स कंपनीत लहान वर्कशॉपवाल्यांचे कर्जाचे अर्ज तपासते. आता मला कर्ज देणाऱ्यांतून उठून भागीदार होणाऱ्यांत जायचंय. पुण्यात असा एक फंड आहे. तो छोट्या कारखान्यांत पैसे घालतो आणि कारखाना तरला तर तरतो, बुडाला तर बुडतो. तिथे एक जागा निघाली आहे, मुदत महिनाअखेरची. ही हुकली तर माझा जन्म लोकांच्या तारणाचे कागद उलटण्यात जाईल, असं मला मनापासून वाटतं.

चाकणच्या कंपनीत टाइम ऑफिसात बसून तुम्ही जन्मभर अर्ज वाचलेत, हाही वाचा. लाल पेन मात्र जपून चालवा. आणि पप्पांना इतक्यात काही सांगू नका. पक्की नोकरी सोडते म्हटलं की ते अबोला धरतील. मामींना जय भीम सांगावा.

आपली भाची,
मैत्री

चऱ्होली,
११ जुलै

चि. मैत्रीस,
मामाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

अर्ज पोचला. मी कोणताही अर्ज शेवटाकडून वाचतो. वरच्या ओळींत माणूस इस्त्री करून उभा असतो, खाली तो घरच्या कपड्यांत सापडतो. तुझ्या अर्जात खाली छंद आहेत. त्यातला ‘स्वयंपाक’ वाचून तुझ्या मामीला हसता हसता ठसका लागला. तुझा रस्सा खाल्लेले दोन साक्षीदार याच घरात राहतात, हे विसरू नकोस.

फोटोत मान अशी तिरकी का? नोकरी मागते आहेस की स्थळ? ‘डायनॅमिक’ हा शब्द जागोजाग आलाय. आमच्याकडे जो अर्जात सारखं ‘प्रामाणिक’ लिही, त्याची हजेरी मी सर्वांत आधी तपासत असे.

मधोमध ठळक अक्षरांत लिहिलंस की तू शिफारस केलेलं एकही कर्ज बुडालं नाही. शाबास. पण मला तुमच्या धंद्यातलं कळत नाही, म्हणून विचारतो. बुडण्याच्या तयारीने पैसे घालणाऱ्यांना याचं काय कौतुक? सहा वर्षं तू सगळ्यांना नाहीच म्हणत बसलीस की काय? कुणाच्या मागे उभी राहिलीस ते चार पानांत कुठेच दिसलं नाही.

दोन पानं काढ, फोटो काढ, स्वयंपाक तर आधी काढ. शेवटी उंची आणि मूळ गाव घाल, त्याशिवाय अर्ज अपुरा वाटतो.

रागावलीस तरी लोभ सोडू नये.
तुझा मामा

चिंचवड,
१५ जुलै

ती. मामांस,
सा. जय भीम. वि. वि.

रागावले होते. अजून थोडी आहे. उंची घालणार नाही.

एकीच्या मागे उभी राहिले होते. शालनबाई म्हणून आहेत. चाकणजवळ पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या दारांची रबरं बनवायच्या. जागा दिराच्या नावावर, तारणाला काही नाही. मी पुन्हा पुन्हा जाऊन त्यांचं काम पाहिलं, तिथल्या बायकांबरोबर डबा खाल्ला आणि कर्ज द्यावं असं लेखी मत दिलं. साहेबांनी फाइल नाकारली. भावनेच्या भरात शिफारस केली म्हणून मला लेखी समजही दिली. नकार कळवायला मी स्वतः गेले, तर त्यांनीच मला चहा पाजला. पुढे एका पतसंस्थेने त्यांना उभं केलं आणि आज ती शेड तिप्पट झाली आहे.

पण हे लिहू कसं? माझी शिफारस तर हरली. फंडवाल्यांनी साहेबांना विचारलं तर समज दिल्याचं निघेल, इथेही बसणं अवघड होईल. शालनबाईंना नाव घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, घाल की, दिराच्या कागदाबाहेर कुठंतरी माझं नाव येऊ दे.

काय करू ते लवकर कळवा.
मैत्री

चऱ्होली,
१८ जुलै

चि. मैत्रीस, आशीर्वाद.

घाल, आणि सगळ्यात वर घाल. समज मिळाली तेही तूच लिही. दुसऱ्याच्या तोंडून निघालं तर ते पाप दिसेल. भीती मलाही वाटते आहे, पण ती बाई ज्याला घाबरली नाही त्याला आपण किती घाबरायचं? उंचीचा आग्रह मागे घेतो.

मामा

चिंचवड,
२४ ऑगस्ट

ती. मामांस व सौ. मामींस,
सा. जय भीम. वि. वि.

मला घेतलं. मुलाखतीत त्यांनी बाकी पानं उलटलीसुद्धा नाहीत, फक्त शालनबाईंचंच विचारलं. त्यानंतर मला न सांगता ते चाकणला त्यांच्या शेडवर जाऊन आले. शालनबाई म्हणाल्या, आम्हाला आता भागीदार न्हाई लागत, पण पोरीला घ्या. बाकीच्यांचा नकार मोबाइलवर येतो, ही नकार घेऊन उन्हातनं चालत आली होती.

खरं सांगू का मामा? नेमणुकीचं पत्र हातात आल्यापासून भीती वाटते आहे. आजवर माझं काही बुडालं नाही, याच्याच आधारावर मी ताठ चालत होते. आता माझ्या शब्दावर पैसे लागतील आणि माझं चुकलं तर कुणाची तरी शेड बंद पडेल. आईला हे सांगितलं नाही, तुम्हालाच लिहिते आहे.

आपली,
मैत्री

चऱ्होली,
२९ ऑगस्ट

चि. मैत्रीस,
मामा-मामीचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझ्या पप्पांना मी सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, तिथे कॅन्टीन आहे का. हा होकार समजावा. मामी पेढे घेऊन रविवारी येते आहे. तू स्वयंपाक करू नयेस अशी तिची अट आहे.

भीतीचं म्हणशील, तर ती राहू दे. तुझा एखादा होकार बुडणार, पोरी. मी नाही म्हटलं तरी बुडणार, आणि तो बुडाला म्हणून तू वाईट ठरणार नाहीस. तो दिवस येईल तेव्हा ऑफिसातून घरी न जाता सरळ चऱ्होलीला ये. मामी भाकरी टाकेल, मी शेजारी बसेन आणि त्या दिवशी चेष्टेचा एक शब्द बोलणार नाही.

तोवर मात्र दयामाया नाही.

तुझा,
बुद्धरत्नमामा