मदतीत काय काय धरतात

अहिल्यानगर,
शनिवार, १७ जानेवारी २०२६

प्रिय आदिनाथदादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. थंडीने आईचा गुडघा आखडतो, तेवढंच.

आधी माझी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं तिकडचं शिक्षण जर्मन सरकारने भारताला केलेल्या मदतीत धरलं जात नाही. धरलं जातं. तू म्हणाला होतास, ‘मी कुणाचं काही घेतलेलं नाही. विद्यापीठात फी नव्हतीच, आणि खाण्यापिण्याचं मी बेकरीत काम करून भागवलं.’ मी न विचारता त्याला होकार दिला. चांगुणाआत्या आपल्याला ओसरीवर बसवून पत्रं लिहायला शिकवायची, तेव्हा तिचा नियम होता की चुकीचं गेलं असेल तर पुढच्या पत्रात सगळ्यात आधी तेच सांगायचं. तू हायस्कूलला जायला लागलास आणि सुटलास. मी तिसरीपर्यंत तिच्याच हाताखाली होते.

कसं कळलं ते सांगते. आमच्या संस्थेचं पाणलोटाचं काम जर्मन सरकारच्या मदतीवर चालतं, त्यांच्याकडून एक बाई कामाचं एक गाव बघायला आल्या होत्या. दुभाषी मी. बंधारे बघून झाल्यावर समाजमंदिरात बैठक बसली आणि बचत गटाच्या लंकाबाईंनी विचारलं, “हे फुकाट हाय का व्याजानं?”

बाई म्हणाल्या, दोन्ही असतं. पण कर्ज बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त असेल तरच मदत म्हणायचं, आणि त्यातलाही फक्त सवलतीचा भाग मोजायचा.

“अन् बंदुका दिल्या तर?”

ते धरत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. देणारं सरकार हवं, घेणारा देश ठरलेल्या गरजू देशांपैकी हवा, आणि देण्यामागचा मुख्य हेतू तिथल्या लोकांचं भलं हा हवा. कंपनीने धंद्यात घातलेला पैसा यात येत नाही. परदेशी गेलेल्या मुलाने घरी पाठवलेलंही येत नाही, ते घरचं घरात.

“म्हंजी ताटात काय पडलं ते न्हाई, वाढपी कोन हाय अन् कशापायी वाढतोय ते बघत्यात,” लंकाबाई म्हणाल्या. “आमच्या जावंला सांगा की कुनीतरी. एकदा वाढती अन् वरीसभर आठवन देती.”

बायका हसल्या. जाऊ तिथेच बसलेली होती, तीही हसली. हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. बाईंपर्यंत निम्मंच पोचलं असेल.

गाडीपाशी मी तुझं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, आपल्यासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांना शिकवायला त्यांच्या विद्यापीठांचा जो खर्च होतो, तो मदतीत धरता येतो. त्यांचं सरकार धरतं. पैसा त्यांच्याकडेच राहतो, पण दिला आपल्याला असं म्हणतात. मी विचारलं, कशाच्या आधारावर? तर म्हणाल्या, शिकलेला माणूस आपल्या देशाच्या उपयोगी पडेल, अशी अपेक्षा असते.

“आणि तो परत गेलाच नाही तर?”

“म्हणून आधी धरलेलं कुणी वगळत नाही,” त्या म्हणाल्या. यावरून त्यांच्यातही वाद आहेत म्हणे. मी ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

तुला टोचावं म्हणून हे लिहिलेलं नाही.

संक्रांतीला पुणतांब्याला घरी जाऊन आले. तिळगूळ देऊन झाल्यावर अण्णा मला सोसायटीच्या जुन्या गोदामात घेऊन गेले. तू जाताना सत्काराच्या भाषणात माती तपासायची प्रयोगशाळा काढीन म्हणालास, आणि लोकांनी तिथल्या तिथे ती खोली तुझ्यासाठी राखून ठेवली. अण्णा दर दिवाळीला तिला चुना देतात, हे तुला माहीत आहे. तू सप्टेंबरमध्ये पाठवलेला माती तपासायच्या यंत्राचा खोका मधोमध पाटावर ठेवलाय, हे कदाचित माहीत नसेल. खंडेनवमीला त्यांनी विळ्या-कोयत्यांबरोबर त्यालाही कुंकू लावलं. उघडलेला नाही. ज्याचं त्यानं उघडावं, म्हणतात.

“मास्तरांची बदली झाली का टेम्पोत सामान म्होरं यायचं,” ते मला म्हणाले. “सामान आलं, आता मानूस येतंय.”

दादा, तू यंत्र तुझ्याऐवजी पाठवलंस. इथे सगळ्यांनी ते तुझ्या आधी आलेलं सामान मानलं. 

मालनबाईंनी दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती खोली दहावीच्या मुलींना अभ्यासासाठी मागितली होती. अण्णा उठून म्हणाले, “पोरगं जूनमधी येतंय. खोली त्याची हाय.” त्यावर मालनबाई म्हणाल्या, “कारभारीभाऊ, तुमचं पोरगं येईस्तवर आमच्या पोरींची लग्नं व्हत्याल.” लोक हसले, पण अण्णांच्या शब्दाला मान देऊन निर्णय २६ जानेवारीच्या ग्रामसभेवर टाकला. मुलींची परीक्षा फेब्रुवारीत आहे. त्या अजून देवळाच्या मंडपात बसतात आणि कीर्तन लागलं की उठतात.

यावेळी अण्णांना नीट बोलायचं आहे. मला म्हणाले, “तू लिहून दे, मी वाचतो. जूनचं पक्कं लिही.” मी कागद घेऊन बसले. ‘आमचा आदिनाथ’ एवढंच लिहून झालं.

मग त्यांनी विचारलं, “त्याचं नक्की ठरलंय ना गं?”

मी म्हणाले, “चहा निवतोय, अण्णा.”

दिवाळीत फोनवर तू मला सांगितलंस की तिकडची नोकरी कायम झाली, आता तिथेच राहायचं ठरवलंय, आणि योग्य वेळ येईपर्यंत घरी बोलू नकोस. मी बोललेले नाही. पण आतापर्यंत मी फक्त गप्प होते. आता माझ्या अक्षरातलं खोटं अण्णा सगळ्या गावासमोर वाचणार, आणि जून उलटला की लोक त्यांना खोटारडे म्हणतील, मला किंवा तुला नाही. चौकात रोज त्यांनाच बसायचं आहे.

परत ये असं मी म्हणत नाही. तुझं काम तुला आवडतं, हे मला आवाजावरून कळतं. कुणी शिकवलं म्हणून माणूस बांधला जातो का, यावर मी बराच विचार केला आणि मला उत्तर आलं नाही. खोलीचं उत्तर मात्र येतं.

टपालाला उशीर होईल, म्हणून या पत्राचा फोटो आजच तुला पाठवते. तू स्वतः अण्णांना फोन केलास तर सगळ्यात बरं. दुपारी ते घरीच असतात. नाही केलास तर मी पुढच्या शनिवारी घरी जाईन आणि रविवारी सकाळी ते धार काढून आले की आईसमोर सांगेन. भाषणही लिहून नेणार आहे: खोली मुलींना द्यावी, खोका शाळेने उघडावा. ते वाचायचं की नाही, हे अण्णा ठरवतील. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

रविवार, २५ जानेवारीच्या सकाळपर्यंतच तुझं गुपित सांभाळू शकणारी,
तुझी धाकटी बहीण
निकिता