दुसरी किल्ली

मी, खाली सही करणार, धंदा किल्ल्या बनवण्याचा, लोकांच्या तोंडी 'किल्लीकाका', आज पूर्ण शुद्धीवर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. करायला घरात दुसरे माणूसच नाही. माझ्या मागे काय करावे, ते या मृत्युपत्राने लिहून ठेवतो.

१. दुकानातल्या कानशी, पकडी आणि किल्ली कापायचे मशीन समोरच्या सायकलवाल्याला द्यावे. मशीनला वेळच्या वेळी तेल घालावे, नाहीतर ते कुरकुरते.

२. भिंतीवरचे घड्याळ धाकट्या भावाला. माझी बायको गेली तेव्हा 'संध्याकाळपर्यंत पोचतो' म्हणाला होता, तो अजून पोचलेला नाही. घड्याळ त्याच्या घरी नेऊन द्यावे, त्याची वाट पाहत बसू नये.

३. राहते घर मी डॉक्टरीणबाईंच्या नावे करणार होतो. बायको गेल्यावर बोटात कानस घुसली, तेव्हा त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो. पट्टी बांधताना त्यांनी घरी कोण असते विचारले. मी म्हणालो, कोणी नाही. "मग सोमवारी दाखवायला या," त्या म्हणाल्या. बोट बरे झाले, सोमवार चालूच राहिला. कधी गुडघा, कधी खोकला, काहीच नसले तर रक्तदाब. मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी बसतो, म्हणजे मागे कोणी खोळंबत नाही. तपासण्याआधी त्या 'जेवलात का' विचारतात आणि माझी थाप दर वेळी पकडतात.

जन्मभर लोकांना दुसरी किल्ली करून दिली. माझ्या घराची दुसरी किल्ली द्यायला मला माणूस नव्हते. बंद दाराआड मरून पडेन आणि कोणाला पत्ताही लागणार नाही, याची मला फार भीती वाटे. एका सोमवारी ती किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी काही न विचारता ती खणात टाकली.

४. घराचे ऐकून मात्र बाई भडकल्या.

"घर मला दिलंत तर सही कोण करणार, काका? घेणाऱ्यानं साक्षीदार होऊन चालत नाही."

"बघू दुसरं कोणीतरी."

"कोण? नाव सांगा."

एक साक्षीदार शेजारचा न्हावी, त्याच्यापलीकडे मला दुसरे नाव सुचेना.

"घर नको मला. मी सही करते."

मला वाईट वाटले. घरी येऊन जेवलो नाही. मग उमगले की घर घ्यायला भाऊसुद्धा धावत आला असता. या माणसाला मी ओळखते, असे लिहून देणारे मला दुसरे कोणी नाही.

सबब घर पुतणीला द्यावे. तिने मला पाहिलेले नाही, त्यात तिचा काही दोष नाही. कुलूप खुशाल बदलावे, पण बाईंकडची किल्ली परत मागू नये.

स्थळ: दवाखान्याची आतली खोली. वार सोमवार.

सही: किल्लीकाका

साक्षीदार: शेजारचा न्हावी. (यालाही काही मिळणार नाही. त्याने आधीच विचारून घेतले.)

साक्षीदार: डॉक्टरीणबाई. (पुढचे बाईंच्या अक्षरात.) किल्लीकाकांनी माझ्यासमोर सही केली. मी यांना तपासले आहे. बुद्धी शाबूत, स्मरण चांगले, जेवणाबाबत खोटे बोलतात. पुढच्या सोमवारी दाखवायला येणे. न आल्यास मी किल्ली घेऊन येईन.